सुपातली तंबाखू

तंबाखूच्या दुष्परिणामांपासून नागरिकांस सावध करणे हे आपले कर्तव्य आहे, ही गोष्ट आपल्या शासनाने इतक्या गांभीर्याने मनावर घेतली आहे की, 2009 च्या मे महिन्याअखेरपासून बिडीच्या प्रत्येक कट्ट्यावर धोक्याचे चित्र छापणे सक्तीचे झाले आणि पुढे 2016 च्या एप्रिलपासून त्या चित्राने व इशाऱ्याने वेष्टनाचा 85 टक्के भाग व्यापलाच पाहिजे असा दंडक घालण्यात आला. दंडक योग्यच आहे. त्याविरुद्ध तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. परंतु जी तंबाखू कट्ट्यात बंद होऊन गिऱ्हाइकाच्या खिशात गेल्यावर एवढी भयंकर ठरते, तीच तंबाखू त्याच्या काही दिवस आधी उघडी, कोरडी आणि भुरभुरीत अशा अवस्थेत एखाद्या बाईच्या मांडीवरच्या सुपात पसरलेली असते, दिवसाचे आठ-दहा तास तिच्या बोटांना लागत असते, तिच्या श्वासाबरोबर आत जात असते, आणि शेजारी निजलेल्या तान्ह्या मुलाच्या अंथरुणावरही तिची धूळ बसत असते. त्या वेळी मात्र त्या बाईसाठी एका अक्षराचाही इशारा कोठे छापलेला नसतो. ओढणाऱ्याला राज्य सावध करते, वळणारीला करीत नाही. हा भेद केवळ अनवधानाने पडलेला नाही. त्याच्यामागे पाऊणशे वर्षांची कायदेकानूंची, व्यापाराची आणि आपल्या सामाजिक दृष्टीची एक परंपरा आहे, आणि ती गोंदिया जिल्ह्याइतकी स्पष्ट महाराष्ट्रात क्वचितच दिसेल.

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राची हद्द संपता संपता, सालेकसा तालुक्यात दरेकसा नावाचे लहानसे स्थानक लागते. डोंगरातील बोगदा, पावसाळ्यात गर्दी खेचणारा हाजरा फॉल आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास जेथे दूरदूरच्या प्रांतांतून गोंड बांधव आपल्या आदिदैवतांच्या दर्शनास येतात ती कचारगडची गुहा, एवढ्यासाठी हे स्थानक प्रवाशांना माहीत असते. बिडीच्या व्यापाऱ्याला हा मुलूख माहीत आहे तो निराळ्या कारणाने. येथल्या जंगलात तेंदू आहे. एप्रिल-मे महिन्यांत उजाडण्यापूर्वी बायाबापड्या रानात शिरतात, पाने तोडतात, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी फडीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या ठिकाणी, मोजून देतात. ह्या पानाच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट आहे, ती नमूद केली पाहिजे. 1969 च्या महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियमाने पानाचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला, ठेकेदारांचे लिलाव सुरू झाले, मजुरीचे दर सरकारी दप्तरात उतरले. आणि 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर गोंदिया व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील कित्येक ग्रामसभांनी आपल्या रानातील पान आपणच विकण्याचा हक्क बजावला. म्हणजे तेंदूच्या पानापुरता न्याय, अपुरा का होईना, दरेकशाच्या रानापर्यंत पोहोचला आहे. तंबाखूच्या बाबतीत तो अद्याप निघालेलासुद्धा नाही.

तंबाखू येते ती बाहेरून; बिडीची तंबाखू म्हटली की गुजरातेतील चरोतर आणि बेळगाव जिल्ह्यातील निपाणीचा परिसर ही नावे आधी येतात. गुजराती व्यापारी विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेच्या पाठोपाठ ह्या भागात आले, पान येथले, तंबाखू तिकडची आणि हात दुष्काळाने गांजलेल्या शेतमजुराचे, असा मेळ त्यांनी घातला, आणि पाहता पाहता भंडारा, गोंदिया, कामठी, नागपूर, जबलपूर, सागर ही बिडीची ठाणी बनली. (गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते, ते स्वतंत्र जिल्हा झाले 1 मे 1999 रोजी.) आरंभी कारखान्यांत पुरुष बसत. पुढे कारखाने ओसरले, सट्टेदार म्हणजे मधले ठेकेदार आले, पान-तंबाखू घरोघर वाटली जाऊ लागली, आणि काम बायकांच्या मांडीवर येऊन स्थिरावले. आज केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या आकड्यानुसार देशात सुमारे 50 लाख बिडी कामगार आहेत आणि त्यांत फार मोठी संख्या स्त्रियांची आहे. पान भिजवावयाचे, फर्मा ठेवून कात्रीने कापावयाचे, चिमूटभर तंबाखू घालून वळावयाचे, तोंड दुमडावयाचे, सुताने बांधावयाचे. एका बाईने दिवसाकाठी हे सातशे-आठशे वेळा, हात चलाख असला तर हजार वेळा करावयाचे. हातमोजे घालून हे काम होत नाही, कारण बिडीचा घट्टपणा बोटालाच कळतो. तोंडाला पदर बांधला तर उन्हाळ्यात जीव गुदमरतो, आणि पदराने धूळ थांबतेच असे नाही.

निकोटिन हे विष त्वचेतून शरीरात शिरते, ही माहिती नवी नाही. शेतात ओली तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, ओकारी, डोकेदुखी आणि भोवळ यांचा जो विकार जडतो, त्याचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातेतील मजुरांवर काही दशकांपूर्वीच केलेला आहे. कोरड्या तंबाखूच्या बाबतीत मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात बिडी व तंबाखू कामगारांची तपासणी करून असे दाखविले की, त्यांच्या मूत्रात निकोटिनचा अवशेष असलेले कोटिनिन सापडते आणि त्यांच्या पेशींतील गुणसूत्रांना होणारी इजा इतरांपेक्षा अधिक असते. हे झाले प्रयोगशाळेचे निष्कर्ष. बायकांना ते आपल्या भाषेत पूर्वीपासून ठाऊक होते. नव्याने बसलेल्या पोरीला पहिल्या आठवड्यात ‘तंबाखू लागते’, तिला गरगरते, जेवण जात नाही. जुन्या बायका सांगतात की होईल सवय. सवय होतेही. डोळे चुरचुरणे, कोरडा खोकला, दमा, मान आणि कंबर धरणे, ह्या सर्वांची सवय होते, आणि ज्या गोष्टीची सवय झाली तिची फिर्याद कोणी करीत नाही.

फिर्याद झाली ती निपाणीत. तेथील वखारींमध्ये तंबाखू कुटण्याचे, चाळण्याचे आणि पाखडण्याचे काम मराठी बोलणाऱ्या गरीब स्त्रिया करीत. बंद वखारीत धुळीचा असा लोट उठे की, समोरचे माणूस धूसर दिसावे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस प्राध्यापक सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने ह्या हजारो स्त्रिया संघटित झाल्या, त्यांनी संप केले, वखारमालकांच्या दारात बसल्या, आणि पुरुषांच्या सभेत बोलावयाला लाजणाऱ्या बायका रस्त्यावर घोषणा देऊ लागल्या. दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘युगांतर’ ह्या समूहाने त्यांच्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला, तो 1982 चा. निपाणीचे नाव काढले की आपल्या वाचकास सामान्यतः आठवते ते 1981 मधील तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन, शरद जोशी आणि एप्रिलमधील गोळीबार. ती आठवण राहावी हे उचितच. परंतु त्याच गावात, त्याच वर्षांच्या आगेमागे, त्याच तंबाखूपायी दुसरी एक लढाई लढली गेली आणि ती लढणाऱ्या बायका होत्या, हे आपण जवळजवळ विसरलो, यात आपल्या स्मरणशक्तीपेक्षा आपल्या दृष्टीचा दोष अधिक आहे, असे मी मानतो. शेतकरी आपल्या मालाचा भाव मागत होता आणि भाव ही गोष्ट आपल्याला कळते. बाई मजुरीच्या जोडीला आपल्या छातीत जाणाऱ्या धुळीबद्दलही बोलत होती. मजुरीचा भाग लोकांनी ऐकला.

येथे एक गोष्ट लक्षात येते, जी निपाणीपुरती मर्यादित नाही. ॲनी बेझंट यांना आपण होमरूल चळवळीच्या आणि थिऑसॉफीच्या संदर्भात ओळखतो. परंतु हिंदुस्थानात येण्यापूर्वी, 1888 साली, त्यांनी लंडनच्या ब्रायंट अँड मे ह्या आगपेटीच्या कारखान्यातील मुलींची कैफियत जगापुढे मांडली होती. त्या मुली पांढऱ्या फॉस्फरसात काम करीत, आणि त्यांच्यापैकी काहींचे जबड्याचे हाड त्या विषाने अक्षरशः कुजून जाई. जुलै महिन्यात सुमारे 1400 स्त्रियांनी संप केला आणि पंधरवड्याच्या आत मालकाने दंड-कपाती बंद केल्या, जेवणासाठी वेगळी जागा मान्य केली. विजय मोठा होता. पण विष? पांढऱ्या फॉस्फरसाच्या काड्यांवर ब्रिटनमध्ये बंदीचा कायदा झाला 1908 साली आणि तो अंमलात आला 1910 साली. म्हणजे दंडाचा प्रश्न दोन आठवड्यांत सुटला आणि विषाच्या प्रश्नाला बावीस वर्षे लागली. आपल्या देशातही 1913 साली पांढऱ्या फॉस्फरसाच्या काड्यांना मनाई करणारा कायदा झाला. तेव्हा बिडी पेटविणाऱ्या काडीतील विष आपल्या सरकारने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दूर केले, आणि बिडी वळणारीच्या सुपातील विषाचा विचार अजून व्हावयाचा आहे, असे म्हटल्यास ते उपरोधाने म्हटले असे वाचकाने समजू नये. ती निव्वळ हकीकत आहे.

कायद्याने बिडी कामगाराकडे कधी पाहिलेच नाही, असे मात्र नाही. पाहिले, पुष्कळ वेळा पाहिले, परंतु प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणत्या तरी गोष्टीसाठी. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने 1948 साली एक कायदा केला, ज्यान्वये शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिडी बनविण्यास मनाई करता येत असे. वाचणाऱ्यास क्षणभर वाटावे की, सरकारला मजुरांच्या प्रकृतीची काळजी वाटली. काळजी होती ती शेतीला मजूर मिळण्याची. हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1950 साली चिंतामणराव खटल्यात घटनाबाह्य ठरविला, कारण सरसकट मनाई हा धंद्याच्या स्वातंत्र्यावर अवाजवी निर्बंध आहे. निवाडा घटनेच्या अभ्यासकांच्या पाठ आहे. ‘वाजवी निर्बंध’ म्हणजे काय हे शिकविताना तो आजही सांगितला जातो. पण त्या सगळ्या युक्तिवादांत, बिडी वळणाऱ्याच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न ना सरकारने उपस्थित केला, ना तो न्यायालयापुढे आला.

नंतरचा वाद बिडी वळणारा हा ‘कामगार’ आहे की नाही, एवढ्यावरच फिरत राहिला. 1958 साली सागरच्या एका प्रकरणात न्यायालयाने सट्टेदाराकडून बिड्या आणविणारा मालक त्या सट्टेदाराच्या मजुरांचा मालक ठरत नाही, असे म्हटले. 1961 साली नागपूरच्या बिरधीचंद शर्मा प्रकरणात, रजेच्या पगाराचा दावा होता तेथे, कारखान्यात येऊन मनाला येईल तेव्हा उठून जाणारा बिडी वळणारासुद्धा कामगारच आहे असा निर्णय झाला. आणि त्यामागील एक कारण मोठे मासलेवाईक होते. दिवसाअखेर मालक नापसंत बिड्या छाटतो, तेव्हा कामावर त्याची देखरेख आहे हे सिद्ध होते. ज्या छाटीने बाईची मजुरी बुडते, तीच छाट तिच्या हक्काचा पुरावा ठरली! सट्टेदाराच्या घरी ज्यांनी बिड्या मोजून दिल्या आहेत त्यांना हे सांगावयास नको, की शंभरातून दहा-पंधरा बिड्या बाजूला काढल्या जातात, त्यांची मजुरी मिळत नाही, आणि त्या बिड्या मात्र फेकल्या जातात असेही नाही.

ह्या सगळ्या गोंधळाचा शेवट 1966 च्या बिडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियमाने व्हावयास हवा होता. तो कायदा खरोखर पुढारलेला होता: त्याने घरी बसून बिड्या वळणारीलाही कामगार मानले, सट्टेदारामागे लपलेल्या मूळ मालकास जबाबदार धरले, त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनी सामान्यतः शेकडा पाचांहून अधिक छाट काढू नये असा निर्बंध घातला, आणि मालकांनी त्याला आव्हान दिले तेव्हा 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो मंगळूर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात उचलून धरला. परंतु त्यात कारखान्याच्या जागेसाठी स्वच्छता, हवा, धूळ यांच्या ज्या तरतुदी होत्या, त्या ‘औद्योगिक परिसरा’साठी होत्या. घर हा औद्योगिक परिसर नव्हे. मालकाने यातून जो बोध घ्यावयाचा तो घेतला. वळण्याचे काम कारखान्यातून उठून घरात गेले, त्याबरोबर धूळही घरात गेली, आणि तपासनिसाची जबाबदारी मात्र कारखान्याच्या उंबऱ्यावरच थांबली. पुढे कोठे कोठे ‘खरेदी-विक्री’ची पद्धत निघाली: पान-तंबाखू बाईला विकली असे वहीत दाखवावयाचे, बिड्या तिच्याकडून विकत घेतल्या असे दाखवावयाचे, की झाली ती स्वतंत्र धंदेवाली. घरच्या माणसांच्या मदतीने स्वतःपुरता धंदा करणाऱ्याला कायदा लागू नाही, ही मूळची सूट गरिबांसाठी होती. तिचा लाभ कोणी घेतला हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मग कल्याणाचे युग आले. 1976 साली बिडीवर उपकर बसवून बिडी कामगार कल्याण निधी उभारण्यात आला, नागपूरला त्याची प्रादेशिक कचेरी झाली, दवाखाने निघाले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, घरबांधणीस साहाय्य मिळू लागले. क्षयरोग आणि कर्करोग झाल्यास उपचारांच्या खर्चासाठीही योजना होत्या. ह्या योजनांनी कित्येक घरांत मुली शिकल्या, हे मी नाकारीत नाही. सोलापुरात कामगार नेते आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली बिडी कामगार स्त्रियांनी कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली, ती तर महाराष्ट्राच्या कामगार चळवळीतील एक अपूर्व गोष्ट आहे. तथापि ह्या सर्व व्यवस्थेत एक विलक्षण मौन आहे. सरकार कर्करोगाचा खर्च देते, परंतु तो रोग कशाने झाला हे लिहून ठेवीत नाही. क्षयरोग्यास खाट मिळते, परंतु धुळीची नोंद होत नाही. औषध ही कृपा झाली, भरपाई हा हक्क असता; आणि हक्काला प्रतिवादी लागतो, कृपेला लागत नाही. आणि कृपेचा पैसा कसा आटतो हेही आपण पाहिले: 2017 साली वस्तू व सेवा कर आला तसा तो उपकर रद्द झाला आणि निधी अर्थसंकल्पाच्या मर्जीवर येऊन पडला.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेली व्यावसायिक रोगांची यादी वाचकाने एकदा वाचून पाहावी. शिसे आहे, पारा आहे, फॉस्फरस आहे, बेंझीन आहे. कापूस, अंबाडी यांच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा विकार आहे. उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा रोगसुद्धा आहे. तंबाखूची धूळ आणि निकोटिन यांचे स्वतंत्र नाव तीत नाही. यादीत नाव असले तर रोग कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो आणि उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. नाव नसले तर रोगी बाईने आपला दमा चुलीच्या धुराने नव्हे, क्षयाच्या जंतूने नव्हे, तर तंबाखूनेच झाला आहे असे शाबीत करावयाचे. दरेकसा-सालेकसा भागातील एखाद्या बाईने हे शाबीत करावे अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे तिला दाद मागू नकोस असे सभ्य भाषेत सांगणे होय. अमेरिकेत न्यू जर्सी व इलिनॉय येथील घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या मुलींना हाच अनुभव आला. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरावयास त्यांना शिकविले होते. हाडे झिजू लागली तेव्हा कंपनीने रोगाचे भलतेच कारण सांगितले, आणि न्यायालयात गेल्या तेव्हा दावा करण्याची दोन वर्षांची मुदत टळल्याचे सांगितले. न्यू जर्सीतील सरकारी वैद्यकीय अधिकारी हॅरिसन मार्टलँड यांनी 1925 साली त्यांच्या शरीरातील रेडियम मोजून दाखविले नसते, तर 1928 ची तडजोडही झाली नसती. विषाच्या खटल्यात वकिलाआधी वैद्य लागतो, आणि तो वैद्य मालकाचा पगारी नसावा लागतो.

आता मालकांचा युक्तिवाद पाहू, कारण तो निरर्थक नाही. ते म्हणतात, तंबाखू विष आहे असे तुम्ही ओरडत राहिलात तर धंदा बुडेल आणि मरतील त्या ह्याच बाया. धंद्याला उतरती कळा लागली आहे हे खरे. घरात बसून, चूल-मूल सांभाळून रोख पैसा देणारे दुसरे काम जंगलाच्या कडेच्या गावांत सहज मिळत नाही हेही खरे. आणि शहरात बसून बिडी बंद करा म्हणणाऱ्या सज्जनांनी त्या पैशाला पर्याय काय, याचे उत्तर दिलेले नाही हेही तितकेच खरे. परंतु हा युक्तिवाद मालक केव्हा करतात ते पाहण्याजोगे आहे. कराचा दर ठरावयाचा असला की 50 लाख कामगारांचा, त्यांतील गरीब स्त्रियांचा दाखला पुढे केला जातो. 2025 साली वस्तू व सेवा कर परिषदेने बिडीवरील कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणि तेंदूपानावरील 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय केला, तेव्हाही ह्या रोजगाराचीच चर्चा झाली. करसवलत मागताना ती आमची कामगार. खोकू लागली म्हणजे ती आपल्या घरी बसून आपला धंदा करणारी बाई. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, आणि कर कमी करणाऱ्या परिषदेने त्या सवलतीच्या बदल्यात कामगारांच्या आरोग्याविषयी एखादी अट घातली असती तर ती अवाजवी ठरली नसती.

न्यायासाठी नव्याने काही शोधून काढावयाचे आहे असेही नाही. 1991 साली तमिळनाडूतील बिडी कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तंबाखूचे काम आरोग्यास अपायकारक असल्याचे स्पष्टपणे म्हटले आणि प्रत्येक कामगाराचा किमान 50 हजार रुपयांचा विमा मालकाच्या खर्चाने उतरविण्याचा आदेश दिला. 1995 साली ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानून असे फर्मावले की, प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामास लागल्यापासून किमान 40 वर्षे जपून ठेवावी, कारण हे रोग उशिरा उगवतात. हा दुसरा हुकूम तंबाखूलाही जसाच्या तसा लागू पडण्याजोगा आहे. बाईच्या बिडी कामगार ओळखपत्रावर तिचे नाव आहे, मालकाचे नाव आहे. त्याला जोडून एक आरोग्यपत्रिका असावी, कामाला बसली त्या वर्षीचा श्वास, त्या वर्षीचे वजन, गर्भारपणे, आणि पुढे दर वर्षाची तपासणी तीत असावी, एवढे झाले असते तरी आज कित्येकींच्या हातात पुरावा असता.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता अंमलात आल्या आणि 1966 चा बिडी कायदा त्यांत विलीन झाला. त्यांच्या जाहिरातीत बिडी कामगारांना आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट मोबदला असे लिहिले आहे. रात्री दिव्याखाली, मुलीला सूत बांधावयास बसवून, हजाराचा आकडा पुरा करणाऱ्या बाईचे तास कोण मोजणार, हे लिहिलेले नाही. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वार्षिक तपासणी मोफत होईल असेही सांगितले जाते. बिडीला मुलगी बसते पंधराव्या-सोळाव्या वर्षी, कधी त्याआधीही. चाळिसाव्या वर्षी तपासणी करावयाची म्हणजे तिच्या शरीराने पंचवीस वर्षे निकोटिन सोसल्यावर पहिली नोंद करावयाची.

ज्या गोष्टी तातडीने होण्याजोग्या आहेत त्यांतील बहुतेक राज्याच्या हातात आहेत. व्यावसायिक रोगांच्या यादीत भर घालण्याचा अधिकार 1923 च्या कायद्याने राज्य सरकारलाही दिला होता, अट एवढीच की तीन महिन्यांची पूर्वसूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी; नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती वाट मोकळी आहे. सूचना काढावयाची तर आधार लागेल, आणि तो आधार मिळविण्यासाठी कोणा परदेशी संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या सामुदायिक वैद्यक विभागाने सालेकसा, आमगाव, तिरोडा, गोंदिया ह्या तालुक्यांतील वळणाऱ्या स्त्रियांची आणि न वळणाऱ्या त्यांच्याच शेजारणींची तपासणी करावी, मूत्रातील कोटिनिन मोजावे, श्वास मोजावा, आणि चुलीचा धूर वेगळा काढून तंबाखूचा वाटा किती तो सांगावा. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना विषय हवेच असतात. तेवढ्या अवधीत सट्टेदाराच्या दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक तंबाखूच्या पोत्यावर मराठीत, हिंदीत आणि गोंडीत इशारा छापण्याची, पोते बाईच्या दारी देताना त्यातील तंबाखू नीट चाळलेली असण्याची, आणि वळण्यासाठी गावात हवेशीर सामाईक ओटा बांधून देण्याची सक्ती करता येईल. ओट्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या गळ्यात घालण्याची तजवीज होण्याचा संभव आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो: तो ज्याच्या नावाचा शिक्का कट्ट्यावर आहे त्याच्याकडून, पानाच्या लिलावाच्या वेळी जशी अनामत वसूल करतात तशी, आगाऊ वसूल करावा.